उड्यांच्या रेसमधले उद्याचे घोडे कसे हेरायचे, आणि पैसे कधी लावायचे

मार्च 2011. चेल्टनहॅम फेस्टिव्हल, म्हणजे इंग्लंडमधला उड्यांच्या रेसचा सगळ्यात मोठा मेळा, त्यातली पहिली रेस, सुप्रीम नॉव्हिसेस हर्डल (नवख्यांची, छोट्या अडथळ्यांची). जिंकला अल फेरोफ, आणि तिसरा आला स्प्रिंटर सेक्र नावाचा एक उंच काळसर घोडा. ज्यांनी नुसता निकाल वाचला त्यांनी वहीत अल फेरोफ लिहिलं असणार (तोही काही वाईट घोडा नव्हता म्हणा), पण ज्यांनी रेस नीट बघितली त्यांनी तिसऱ्याचं नाव लिहून घेतलं. पुढच्याच वर्षी तो फेन्सवरून, म्हणजे मोठ्या अडथळ्यांवरून, आर्कल नावाची रेस जिंकला, 2013 ला क्वीन मदर चॅम्पियन चेस जिंकला, मग हृदयाच्या ठोक्यांची भानगड झाली, लोकांनी संपला म्हणून सोडून दिलं आणि 2016 ला पठ्ठ्या परत येऊन तीच चॅम्पियन चेस पुन्हा जिंकून गेला.

या लेखात मला मुद्दा एकच सांगायचाय. काल कोण जिंकलं याची यादी करू नका, उद्या कोणाचं काम बदलणार आहे त्याची करा.

माझं रेसचं वेड पुण्याचं. पावसाळ्यात बाबांबरोबर रेसकोर्सवर जायचो, पुस्तकात पेन्सिलीने खुणा करायच्या, भाव बघायचे, आणि घरी येताना बाबा म्हणणार आईला सांगू नकोस. पण पुणे काय महालक्ष्मी काय, आपल्याकडे सगळं फ्लॅट, म्हणजे बिनउड्यांच्या रेस. घोडा दोन-तीन सीझन गाजतो आणि मग ब्रीडिंगला जातो, नाहीतर गायब. इंग्लंडला आल्यावर जंप रेसिंग बघितलं तेव्हा जाणवलं की इथे घोड्याशी ओळख वाढवता येते, कारण इथले बहुतेक घोडे गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेले, त्यांना स्टडला पाठवून पैसे मिळत नाहीत, त्यामुळे तोच घोडा पाच वर्षांचा असल्यापासून दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत दर हिवाळ्यात परत येतो. म्हणून यादी करून मागोवा घ्यायला याच्यासारखा खेळ नाही.

आधी शिडी समजून घ्या

सगळ्यात खालची पायरी पॉइंट-टू-पॉइंट. गावाकडच्या शेतात-माळावर होणाऱ्या, हौशी जॉकींच्या रेस. आयर्लंडमध्ये चार-पाच वर्षांची पोरं इथे साधारण तीन मैल पळतात आणि चांगलं पळालेलं पोर लगेच लिलावात जातं. एन्व्हॉय ॲलन असाच 2018 मध्ये चेल्टनहॅमच्या लिलावात 4,00,000 पाउंडला गेला आणि 2019 ला फेस्टिव्हलची चॅम्पियन बंपर (बंपर काय ते लगेच सांगतो) जिंकला. जाता जाता एक गंमत, ज्या घोड्यांच्या नावापुढे मिनेला लागतं ना, मिनेला इंडो, मिनेला टाइम्स वगैरे, ते नाव आयर्लंडमधल्या क्लॉनमेलच्या एका हॉटेलचं आहे, हॉटेलवाल्या कुटुंबातच घोडे तयार करून विकायचा धंदा.

मग बंपर. उड्या नाहीत, साधारण दोन मैल, नवख्या जंपर्सना रेसची सवय व्हावी म्हणून. मग हर्डल, कमीत कमी साडेतीन फूट, धक्का लागला तर थोडं वाकतं. मग फेन्स, कमीत कमी साडेचार फूट, घट्ट बांधलेली, धक्का लागला तर घोडाच वाकतो. या फेन्सच्या रेसला चेस म्हणायचं. नॉव्हिस म्हणजे सीझन सुरू होण्याआधी त्या प्रकारात एकही रेस न जिंकलेला घोडा, म्हणजे हर्डलचा राजा फेन्सवर गेला की परत नॉव्हिस.

आता हे महत्त्वाचं. घोडा एका पायरीवरून दुसरीवर जातो ना, तिथे पैसे असतात. बंपरमधून हर्डलला, हर्डलमधून फेन्सला, दोन मैलांवरून तीन मैलांना, नाहीतर साध्या रेसमधून हँडिकॅपला, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे पाठीवर कमी-जास्त वजन देणाऱ्या रेसला. कारण भाव ठरवणारे लोक मागचा निकाल बघून भाव ठरवतात आणि पायरी बदलली की मागच्या निकालाचा अर्थ निम्मा उरतो. कौटो स्टारचंच घ्या, मार्च 2006 ला दोन मैलांच्या चॅम्पियन चेसमध्ये पडला, आणि 2007 ला सव्वातीन मैलांची चेल्टनहॅमची गोल्ड कप जिंकला. घोडा तोच.

रीप्ले बघायचा, निकाल नाही

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. रीप्ले बऱ्याच रेसिंग साइट्सवर लॉगिन केलं की फुकट दिसतात. एक रेस मी तीनदा बघतो. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा जिंकणाऱ्याला पूर्ण सोडून द्यायचं आणि दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे घोडे बघायचे. तिसऱ्यांदा एकच घोडा धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

बघायचं काय, तर आधी उडी. चांगला घोडा फेन्सच्या तीन-चार टापा आधीपासून डोकं वर करून अंदाज घेतो, हवेत फार वेळ घालवत नाही आणि उतरल्यावर थांबत नाही, पळतच उतरतो. काही घोडे उडी मारताना उजवीकडे सरकतात, काही डावीकडे. हे वहीत लिहायलाच पाहिजे, कारण चेल्टनहॅम, एंट्री (Aintree), न्यूबरी, लेपर्ड्सटाउन डाव्या वळणाची, आणि केम्पटन, सँडाउन, ॲस्कट, पंचेस्टाउन उजव्या वळणाची. उजवीकडे उडणारा घोडा चेल्टनहॅमला प्रत्येक उडीला थोडी थोडी जागा गमावतो, वीस उड्या धरल्या तर किती झाली बघा.

दुसरं म्हणजे चूक झाल्यावर काय करतो. चूक सगळेच करतात. चूक करून जो दोन टापांत परत लयीत येतो आणि पुढची उडी धाडसाने मारतो तो माझ्या यादीत येतो, आणि जो पुढच्या तीन उड्या बिचकत मारतो तो नाही, मग तो जिंकलेला का असेना.

तिसरं जॉकीचे हात. रेसच्या शेवटच्या अर्ध्या मैलात बाकीचे जॉकी हात चालवायला लागलेले असतात तेव्हा कोणाचे हात स्थिर आहेत? असा घोडा शेवटी चौथा आला तरी त्याच्यात काहीतरी आहे. मग तो का थकला हे शोधायचं, पहिलीच रेस होती का, जमीन फार चिखलाची होती का, सुरुवातीला लगाम ओढत पळून दम घालवला का. उलट प्रकारचाही घोडा असतो, सगळ्यांच्या आधी जॉकीने ढकलायला सुरुवात केली, मागे पडला, आणि शेवटच्या चढणीवर सगळ्यांना गाठत गाठत तिसरा आला. हा घोडा ओरडून सांगतोय की मला अजून अर्धा मैल द्या. दोन मैलांच्या रेसमध्ये असा दिसला की मी अक्षरशः खूश होतो.

आणि घोड्याचा देह बघा. पॅडकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) बघता आला तर उत्तम, नाहीतर टीव्हीवर. लांब-रुंद, थोडा बेढब वाटणारा, पाठ मजबूत, असा पाच वर्षांचा घोडा हर्डलवर दुसरा-तिसरा येत असेल तर तो फेन्ससाठीच जन्मलाय. डेनमन 2006 ला फेस्टिव्हलच्या नॉव्हिस हर्डलमध्ये निकानोरच्या मागे दुसरा आला होता. त्याला लोक टँक म्हणायचे. 2008 ची गोल्ड कप त्याने कौटो स्टारला हरवून नेली.

फॉर्मचे आकडे

थोडक्यात सांगतो. नावाशेजारी 21-F1P असं काहीतरी असतं. उजवीकडचं सगळ्यात ताजं. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी पडला, पी म्हणजे मध्येच थांबवला, बी म्हणजे दुसऱ्यामुळे पडला, आडवी रेघ म्हणजे सीझन बदलला. एक एफ बघून घाबरू नका, दुसरी किंवा तिसरी चेस असेल तर शिकतोय. पण दोन-तीन पी दिसले तर मात्र तब्येतीचा किंवा मनाचा प्रश्न असतो, मी लांब राहतो.

आकड्यांपेक्षा कामाची गोष्ट म्हणजे त्या रेसमधल्या बाकीच्यांचं पुढे काय झालं. तुमचा घोडा दुसरा आला, आणि महिनाभरात त्याच रेसमधला तिसरा, पाचवा, सातवा बाहेर जाऊन जिंकले, तर ती रेस दमदार होती. हे कष्टाचं काम आहे, कोणी करत नाही, म्हणूनच करायचं. शिवाय एकाच दिवशी एकाच कोर्सवर एकाच अंतराच्या दोन हर्डल झाल्या असतील तर वेळ ताडून बघा. नवख्यांच्या रेसची वेळ अनुभवी घोड्यांच्या रेसपेक्षा चांगली आली की कान टवकारा.

आणि जिंकला नाही म्हणून सोडू नका. कॉन्स्टिट्यूशन हिल पॉइंट-टू-पॉइंटमध्ये दुसरा आला होता, आणि 2022 ची सुप्रीम 22 लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला.

ट्रेनर

विली मलिन्सशिवाय हा विषय होत नाही. आयर्लंडमधल्या कार्लो काउंटीतला हा माणूस, 2024 मध्ये चेल्टनहॅम फेस्टिव्हलचे त्याचे 100 विजय पूर्ण झाले आणि त्याच सीझनला ब्रिटनचा चॅम्पियन ट्रेनरही झाला, आयर्लंडमध्ये बसून हे करणारा 1954 नंतरचा पहिलाच. पण मलिन्सचे घोडे यादीत भरणं म्हणजे सोनं महागणार असं भाकीत करण्यासारखं आहे, खरं ठरतं हो, पण तुमच्या पदरात काय पडतं? त्याचा घोडा आयर्लंडमध्ये पहिली हर्डल दहा लेंग्थने जिंकला की संध्याकाळपर्यंत फेस्टिव्हलचा भाव कोसळलेला असतो. वर त्याच्याकडे एकाच रेसला जातील असे चार-पाच घोडे, कुठला कुठे पळणार ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याचा घोडा घ्यायचा तर पहिल्या पसंतीचा सोडून दुसऱ्या-तिसऱ्या फळीतला घ्या. 2025 ची ग्रँड नॅशनल (एंट्रीची प्रसिद्ध लांब हँडिकॅप चेस) जिंकलेला निक रॉकेट त्याच्याच तबेल्यातला होता, भाव 33/1, म्हणजे एकाला तेहतीस.

बाकी प्रत्येकाची एक खोड असते. निकी हेंडरसन घोड्याला घाई करत नाही, जमीन पसंत नसेल तर सरळ काढून घेतो, म्हणजे त्याच्या घोड्यावर आगाऊ पैसे लावणारा रडतो. हेरफर्डशरच्या व्हेनेशिया विल्यम्सचे घोडे डिसेंबर-जानेवारीच्या चिखलात म्हशीसारखे खुशीत असतात. डॅन स्केल्टनचे घोडे मोठ्या हँडिकॅपला बरोबर वेळेवर फुलतात. तुम्ही स्वतः दोन सीझन तीन-चार ट्रेनर धरून बघा, सगळ्यांचं कळायची गरज नाही.

आणखी एक छोटी खूण. ब्रिटनमध्ये जानेवारी 2018 पासून घोड्याच्या श्वासनलिकेचं ऑपरेशन झालं असेल तर ते पुढच्या रेसला कार्डवर जाहीर करावं लागतं. नीट पळत असताना शेवटच्या दोन फर्लांगात अचानक बंद पडणारा घोडा असेल आणि पुढच्या वेळी त्याच्या नावापुढे ही खूण दिसली तर रीप्ले पुन्हा काढून बघा.

हँडिकॅप, म्हणजे खरा खजिना

घोड्याला हर्डलवर रेटिंग मिळायला साधारण तीन रेस पळाव्या लागतात, मग त्या रेटिंगप्रमाणे त्याच्या पाठीवर वजन. चांगल्याला जास्त, कमीला कमी. तीन मैलांच्या आसपास एक पौंड वजन म्हणजे एक लेंग्थ असा ढोबळ हिशोब धरा. आता समजा तीन मैल झेपणारा घोडा पहिल्या तीन रेस दोन मैलांवर पळाला, चौथा, पाचवा, सहावा आला, तर त्याचं रेटिंग हलकं लागणार. आणि मग तो पहिल्यांदा तीन मैलांच्या हँडिकॅपला उतरतो. तो दिवस चुकवू नका. फेन्सचं रेटिंग पण वेगळं ठरतं, म्हणजे सुरुवातीच्या चेसमध्ये शिकत असताना मिळालेलं रेटिंग तो शिकून मोठा झाला तरी थोडा काळ तसंच राहतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कोराक रॅम्बलर. स्कॉटलंडच्या लुसिंडा रसेलचा घोडा. 2022 आणि 2023, दोन्ही वर्षी चेल्टनहॅमची अल्टिमा नावाची हँडिकॅप चेस जिंकला. पण ग्रँड नॅशनलची वजनं फेब्रुवारीतच जाहीर होतात, म्हणजे मार्च 2023 चा विजय त्या वजनात धरलेलाच नव्हता. एप्रिलमध्ये तो फुकटच्या पौंडांवर पळाला आणि 8/1 ला फेवरेट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, म्हणून जिंकला. हे गणित सगळ्यांना उघड दिसत होतं, तरी 8/1 मिळाला! मात्र पुढच्या वर्षी त्याच रेसमध्ये पहिल्याच फेन्सला त्याचा जॉकी पडला. जंप रेसिंग आहे हे.

वहीत काय लिहायचं

नुसतं नाव लिहून काही उपयोग नाही, चार महिन्यांनी आठवतच नाही का लिहिलं होतं. तीन गोष्टी लिहायच्या: कारण, अट, भाव. म्हणजे 2006 च्या वसंतात डेनमनबद्दल लिहायचं असतं तर मी असं लिहिलं असतं: मोठा देह, हर्डलवर दुसरा, दमसास भरपूर, फेन्सवर जाऊ दे, तीन मैल, जमीन मऊ असली तरी चालेल, नॉव्हिस चेसला 4/1 च्या वर मिळाला तर घ्यायचा. बस. अट जुळली नाही तर घोडा पळताना नुसता बघायचा. मला सुरुवातीला हे जमायचं नाही, यादीतला घोडा पळतोय म्हटलं की हात शिवशिवायचे, मग जमीन हेवी असो की अंतर चुकीचं असो, लावलेच पैसे.

जमिनीचं म्हणाल तर गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी, आणि आयर्लंडमध्ये मधली यील्डिंग. सकाळी पाऊस पडला की दुपारी सगळं बदलतं. मोठ्या, जड टापांचा आणि गुडघे उंच उचलून पळणारा घोडा चिखल सहन करतो, जमिनीलगत हलका पळणारा करत नाही.

यादी कधी करायची? मार्च-एप्रिलमध्ये चेल्टनहॅम, एंट्री, पंचेस्टाउन बघताना कच्ची, आणि ऑक्टोबरमध्ये सीझनला जोर यायच्या आत पक्की. दहा-बाराच्या वर नावं नकोत. मी एका वर्षी 47 केली होती, डिसेंबरपर्यंत माझंच मला कळेना कोण कोण आहे ते.

आता पैसे

आधी हे ऐका. मी लिहितोय ते ब्रिटन-आयर्लंडमध्ये राहणाऱ्या, 18 च्या वरच्या लोकांसाठी. भारतात बसून परदेशी साइटवर पैसे लावायच्या फंदात पडू नका, ते कायद्यात बसत नाही. नुसती यादी करून कागदावर खेळा, मी पहिली दोन वर्षं तेच केलं आणि कागदावर पण हरलो. ब्रिटनमध्ये सुद्धा एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डने जुगार बंद आहे, तर उधारीचा विचार मनातून काढा. सीझनसाठी एक रक्कम बाजूला ठेवा, जी पूर्ण बुडाली तरी घरात कोणाला कळणार नाही अशी, तिचे शंभर भाग करा आणि एका वेळी एकच भाग. हरलेले भरून काढायला दुप्पट लावणारे मी पुण्यातही बघितलेत आणि इथेही, शेवट सारखाच. हात थांबत नसेल तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की ब्रिटनच्या सगळ्या लायसन्सवाल्या साइट्स तुम्हाला बंद होतात, फुकट आहे.

भावाचं गणित सोपं आहे. 4/1 म्हणजे पाचातून एकदा, 20 टक्के. 9/1 म्हणजे दहातून एकदा. तुम्हाला मनापासून वाटलं की हा घोडा या अटींवर चारातून एकदा जिंकेल आणि भाव 6/1 आहे तर लावा. भाव 2/1 असेल तर घोडा कितीही लाडका असो, चहा प्या. फेवरेट साधारण तीनातली एक रेस जिंकतो, तरी डोळे मिटून फेवरेट लावणारा हळूहळू संपतोच, कारण बुकीचा वाटा भावात आधीच काढलेला असतो.

ईच वे म्हणजे दोन बेट, एक विनला, एक प्लेसला, म्हणजे पहिल्या तीन-चारांत येण्याला. 12/1 च्या घोड्यावर 10 पाउंड ईच वे म्हणजे 20 गेले. प्लेसला पाचवा हिस्सा भाव असेल आणि घोडा तिसरा आला तर 34 परत, म्हणजे 14 नफा. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपला साधारण चार जागा मिळतात, तिथे ईच वे चांगलं. 3/1 च्या घोड्यावर ईच वे म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

आगाऊ, म्हणजे महिना-दोन महिने आधी लावायचे तर भाव मोठा मिळतो पण घोडा पळालाच नाही तर पैसे गेले. 2024 च्या चॅम्पियन हर्डलसाठी कॉन्स्टिट्यूशन हिलवर सगळ्यांनी डोळे झाकून लावलं होतं, फेस्टिव्हलच्या तोंडावर घोडा आजारी पडला आणि आलाच नाही. म्हणून घोडा न पळाल्यास पैसे परत अशी ऑफर सुरू होईपर्यंत मी थांबतो. भाव थोडा कमी मिळतो, झोप लागते.

शेवटचं काम म्हणजे नाव खोडणं. दोनदा सगळ्या अटी जुळूनही काही केलं नाही, तर खोडायचं. खोडताना कारण लिहायचं. माझ्या वहीत 2024 च्या पानावर गोल्डन एस ही घोडी आहे, त्या वर्षी फेस्टिव्हलला मेअर्स नॉव्हिसेस हर्डल (फक्त माद्यांची) जिंकलेली, आणि नावावर लाल रेघ आहे, शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलंय, चांगली आहे पण मोठ्या घोड्यांपुढे टिकणार नाही. मार्च 2025 च्या चॅम्पियन हर्डलमध्ये आधी कॉन्स्टिट्यूशन हिल पडला, मग पुढे असलेला स्टेट मॅन शेवटच्या हर्डलला पडला, आणि गोल्डन एस जिंकली. भाव 25/1.